ओरिजेनला संत का म्हणत नाहीत?

वसईकर_वाचक:
डिसेंबरात इजिप्तला जायचंय, म्हणून अलेक्झांड्रियाबद्दल वाचायला घेतलं आणि आता त्यातच अडकलोय. तिथले बिशप अथानेशियस संत, सिरिल संत, पण त्या शहरातला सगळ्यात मोठा विद्वान म्हणतात तो ओरिजेन, त्याच्या नावाआधी संत कुठेच लागत नाही. वडील लिओनिडीस मात्र संत! एका फादरना विचारलं तर "त्याची शिकवण घसरली" एवढंच म्हणाले. नक्की भानगड काय? आणि त्याच शहरातला जुना ख्रिस्ती शिक्षक पँटेनस भारतात आला होता हे खरं का?

पोथीबहाद्दर:
फादर बरोबर बोलले पण अर्धंच. 202 च्या सुमाराला रोमन सम्राट सेव्हेरसच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला त्यात लिओनिडीसला मारलं, तेव्हा ओरिजेन सतरा-एक वर्षांचा, म्हणे मीपण जातो मरायला, तर आईने त्याचे कपडेच लपवून ठेवले, नागडा कुठे जाणार! मग पोटासाठी शिकवायला लागला आणि थोड्याच दिवसांत ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्यांची शाळा त्याच्याकडे आली. अँब्रोझ नावाच्या श्रीमंत माणसाने लेखनिक पुरवले, हा बोलायचा आणि ते आळीपाळीने लिहून घ्यायचे. पुढे जुना करार हिब्रू आणि ग्रीक मिळून सहा रकान्यांत शेजारी शेजारी मांडला, तोच हेक्झाप्ला. अडचण झाली ती दुसऱ्याच गोष्टींवरून. आत्मे जन्माआधीपासून असतात आणि शेवटी सगळेच देवाकडे परततील असं काहीसं त्याने मांडलं होतं, बरंचसं चाचपडत, पण पुढच्या भक्तांनी तेच ठाम करून टाकलं. सम्राट जस्टिनियनच्या काळात 553 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत त्याचं नाव पाखंड्यांच्या यादीत गेलं. म्हणजे मेल्यावर 300 वर्षांनी!

कोपऱ्यातला_टेबल:
शिकवण वगैरे ठीक आहे पण बिशपशी वाकडं आलं होतं ते का सोडताय? पॅलेस्टाइनच्या बिशपांनी त्याला परस्पर दीक्षा देऊन धर्मगुरू केलं, इथे अलेक्झांड्रियाचा बिशप डिमीट्रियस भडकला, आणि ओरिजेनला शहर सोडून सिझेरियाला बस्तान हलवावं लागलं. उलट अथानेशियस बघा, पाच वेळा हद्दपार झाला तरी परत येऊन त्याच गादीवर बसला. त्याच्या 367 च्या पत्रात नव्या कराराची आजची 27 पुस्तकं पहिल्यांदा एकत्र दिसतात. माझं मत विचाराल तर त्या शहरात नुसत्या मास्तराला वाली नव्हता. सम्राट डेशियसच्या छळात 250 साली ओरिजेनचे तुरुंगात हाल हाल केले, तो बधला नाही, सुटल्यावर काही वर्षांनी गेला. तुरुंगातच मेला असता तर हुतात्मा म्हणून आज कदाचित संत असता.

पोथीबहाद्दर:
मान्य, पण चौथ्या शतकातला तिथलाच शिक्षक डिडिमस कुठे बिशपशी भांडला होता? लहानपणीच आंधळा, लाकडात कोरलेली अक्षरं चाचपून शिकला, बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा जेरोम त्याच्याकडे शिकून गेला, तरी ओरिजेनच्या बाजूचा म्हणून त्याच्यावरही ठपका आला आणि त्याची पुस्तकं बाजूला पडली. 1941 मध्ये कैरोजवळ तुरा इथे ब्रिटिश सैन्यासाठी जुन्या खाणी साफ करताना पपायरसची थप्पी सापडली, त्यात दोघांचंही लिखाण निघालं. म्हणजे विचारांचा राग होताच, नुसतं राजकारण नव्हतं.

उल्हासकाठ:
पँटेनसचं सांगतो. चर्चचा जुना इतिहासकार युसीबियस लिहितो की तो इंडियाला गेला आणि तिथे त्याला मत्तयचं शुभवर्तमान हिब्रू अक्षरांत मिळालं, बर्थलमयने ठेवलेलं. पण त्या काळी इंडिया म्हणजे दक्षिण अरबस्तानपण असू शकतं, त्यामुळे लगेच कोकणात उतरवू नका त्याला. त्याच्याच शाळेतला क्लेमेंट मात्र आपल्या लिखाणात चक्क बुद्धाचं नाव घेतो. आणि सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचाच व्यापारी कॉस्मस कल्लियाना इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो, हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण असं बरेच जण मानतात.

वसईकर_वाचक:
कल्याणचं ऐकलंच नव्हतं, भारी! बरं, ओरिजेनची शाळा बघायला मिळते का तिथे?

कोपऱ्यातला_टेबल:
नाही. कोम एल-दिक्का इथे पोलिश लोकांनी खणून काढलेले वर्ग आहेत, तीन बाजूंना दगडी बाकं आणि मधे मास्तरांची उंच जागा, पण ते पाचव्या शतकाच्या शेवटापासून पुढचे, म्हणजे ओरिजेननंतरचे. गाइड काहीही ठोकून देईल, तरी बघून या.