नकली ‘कोल्हापुरी’ची ऑनलाइन विक्री: तक्रार कोणत्या कायद्याखाली करायची?

पायताण: एका साइटवर रेक्झिनच्या, पीव्हीसी सोलच्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून विकल्या जातायत. फोटो मात्र आमच्या चामडी जोडाचे, कोपऱ्यातला शिक्का कापून. भौगोलिक मानांकनाचा (जीआय: ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी नोंद) हवाला दिला तर ‘कोर्टाचा आदेश आणा’ म्हणतात. आता काय करायचं?

कलम५२: फोटोंची आणि मानांकनाची, दोन्ही तक्रारी एका अर्जात घालू नका. आधी फोटोंची करा. कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५ बघा. मूळ फाइल, लिस्टिंगची लिंक, मालकीचा तपशील आणि २१ दिवसांत दावा लावण्याची हमी, एवढं लेखी द्या. ३६ तासांत फोटो उतरवावे लागतात. २१ दिवसांत आदेश दाखवला नाही, तर ते पुन्हा लावता येतात, म्हणून वकील आधीच गाठा. फोटो पैसे देऊन काढून घेतले असतील आणि उलट करार नसेल, तर हक्क तुमचाच; पावती जोडा.

वादीची_शिवण: मानांकनाची नोंद २०१८ ची, महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे. दावा तेच लावू शकतात किंवा नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता. तुमची तशी नोंद नसेल तर अर्ज जीआय-३ भरा. तक्रारीआधी एक जोड मागवा आणि बिल, वेष्टन, लेबल जपून ठेवा. लिस्टिंग एकदा उतरली की पुरावा गेला. स्क्रीनशॉटला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा).

पायताण: आणि तोच विक्रेता नव्या नावानं परत आला तर?

वादीची_शिवण: खरं दुखणं तेच आहे. ई-कॉमर्स नियम २०२० मधला नियम ५(५) वारंवार सापडणाऱ्या विक्रेत्यांची नोंद ठेवायला सांगतो, पण त्यात कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि आयटी हे तीनच कायदे आहेत. मानांकनाचा कायदा नाहीच! वर विक्रेत्याला काढणं साइटच्या मर्जीवर. सरकारनं ही सक्ती करायलाच हवी.

कलम५२: चौथा कायदा जरूर घाला. पण आदेशाशिवाय माल उतरवायची सक्ती मला धोक्याची वाटते. सुप्रीम कोर्टाच्या श्रेया सिंघल निकालानं (२०१५) आयटी कायद्याच्या कलम ७९ खाली कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आवश्यक धरला, कारण लाखो मागण्यांतली कोणती रास्त हे साइटनं ठरवणं अवघड. दंड टाळायला साइट सरळ शब्दावर चाळणी लावेल. मग ‘कोल्हापुरी’ लिहिलंय आणि पत्ता कर्नाटकातला, म्हणून अथणीच्या कारागिराचा अस्सल जोडही उडेल. अथणी ज्यात येतं तो बेळगाव जिल्हा तर मानांकनातच आहे.