उडवा, पण कारण सांगून
‘संकेतस्थळाच्या संपादकांनी वाचकाचा प्रतिसाद उडवला म्हणजे अभिव्यक्तीची गळचेपी’ हे मत मला अर्धंच पटतं. शिवीगाळ, कुणाच्या घरचा पत्ता जाहीर करणं, एकावर दहा जणांनी तुटून पडणं हे चालू दिलं की भिडस्त माणसं आधी लिहायची थांबतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तीही गळचेपीच ना? मला राग येतो तो गुपचूप लावलेल्या कात्रीचा. सकाळी लिहिलेलं संध्याकाळी गायब. ना कारण, ना दाद मागायची सोय. ऑनलाइन मजकूर काढताना काय पाळावं हे सांगणाऱ्या २०१८ च्या सांता क्लारा तत्त्वांत नेमकं हेच मागितलंय: काढलेल्या मजकुराचे आकडे, लिहिणाऱ्याला कारणासह सूचना आणि फेरविचाराची संधी. संपादकांनी निदान कोणता नियम मोडला एवढी एक ओळ तरी लिहावी.