पंचम जॉर्जचे 'यूएनसी' रुपये एकगठ्ठा घ्यावेत का?

प्रश्न
एक विक्रेता १९११ ते १९२० मधले आठ चांदीचे रुपये एकत्रच देतोय. सगळे यूएनसी, म्हणजे न वापरलेले, म्हणतो, स्लॅब (दर्जा ठरवणाऱ्या कंपनीची सीलबंद डबी) एकालाही नाही. नाणी मात्र चकाचक आहेत. माझं बजेट ४०,०००, मुदत ठेव मोडायची नाही. काय तपासू? ग्रेडिंग, म्हणजे कंपनीकडून दर्जा ठरवून घेणं, परवडेल का?

कलदार११
चकाचक आहेत, हीच शंकेची जागा. एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करा. टाकसाळीची चमक असेल तर उजेडाचा पट्टा नाण्यावर गोल फिरतो. पॉलिश केलेलं नाणं सगळीकडून सारखंच लखलखतं आणि १०एक्स भिंगातून एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. भुवई, मिशी आणि मुकुटाचा उंच भाग सपाट वाटला तर यूएनसी विसरा, एक्सएफ किंवा व्हीएफ, म्हणजे वापरून झिजलेल्या नाण्यांचे खालचे दर्जे, धरा. घासलेल्या नाण्याला एनजीसी, पीसीजीएस या अमेरिकी ग्रेडिंग कंपन्या दर्जाचा आकडा देत नाहीत, 'डिटेल्स', म्हणजे नाण्यात दोष आहे, असं लिहितात. चिंच, लिंबू, टूथपेस्ट घरी तर अजिबात नको.

तोळामासा
आधी वजन. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ११.६६ ग्रॅम यायला हवं, झिजेमुळे किंचित कमी चालेल. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याने नाणं पूर्ण बुडेल असं लोंबकळत ठेवा. तळाला टेकलं तर मोजणी फुकट. नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटका. काटा साधारण १.१३ दाखवेल, म्हणजे घनता (वजन भागिले हा आकडा) १०.३ च्या आसपास, ९१.७ टक्के चांदीला शोभेल अशी. १.२ च्या वर गेलं तर धातू हलका आहे. चुंबकावर भिस्त नको, तांबं-पितळही त्याला चिकटत नाही.

१९११ चं वेगळं बघा. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड आहे, तो डुक्कर वाटतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. सोंड नीट लांब दिसत असेल तर साल कोरून बदललेलं असू शकतं.

सराफकट्टा
पैशांचं बोलू. एका रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. त्याला त्या दिवसाच्या दराने गुणा, तो तळ. त्यावर जे द्याल ते फक्त दर्जा आणि दुर्मिळतेचं. १९१८ चे रुपये अमाप पाडले गेले, त्याला जास्तीचे पैसे कशाला? १९११ ला मात्र द्यायला हरकत नाही, हत्ती आणि चमक खरी असेल तर.

ग्रेडिंगची फी आणि कुरिअर मिळून नाण्याच्या किमतीचा मोठा हिस्सा खात असेल तर पाठवू नका. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांवरची नाणी खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत.

विक्रेत्याला विचारा, "हीच नाणी उद्या परत आणली तर काय भाव द्याल?" तो आकडा आणि आजची किंमत यातला फरक म्हणजे पहिल्याच दिवसाचा तोटा. आठही घेऊ नका, १९११ चं सुटं मागा. देत नसेल तर बाकीची सात खपवायला तेच गळाला लावलंय. आणि 'रिझर्व्ह बँकेची फी भरा, जुनं नाणं लाखांत विका' असा फोन आला तर ठेवून द्या. बँकेने २०२१ मध्येच सावध केलंय.

प्रश्नकर्ता
परत घ्यायचा भाव विचारला, उत्तर टाळतोय. १९११ चं सुटं द्यायला तयार आहे, पण पाण्याची चाचणी दुकानात करू देत नाही.

तोळामासा
दुकानात नको म्हणणं समजू शकतं. मग पावतीवर साल, वजन आणि 'खोटं निघाल्यास पूर्ण परतावा' लिहून घ्या आणि चाचणी घरी करा. लिहून देत नसेल तर नाणं तिथेच राहू द्या. घेतलंच तर मायलरच्या (नाण्याला न बाधणाऱ्या प्लास्टिकच्या) पाकिटात ठेवा, मऊ पीव्हीसीच्या नको. त्यातून हिरवट चिकट थर चढतो.