स्वतःच्या आवारात गाडीसाठी गॅरेज बांधायलाही परवानगी? ही अट शिथिल करा

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

आमचा बंगला वडिलांनी नव्वदच्या दशकात बांधला. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सगळं जागच्या जागी आहे. तेव्हा घरात स्कूटर होती, त्यामुळे नकाशात कारची जागा दाखवलेलीच नाही. आज कार आहे आणि ती बारा महिने रस्त्यावर उभी असते. घराच्या डाव्या अंगाला साधारण तीन मीटरचं मार्जिन, म्हणजे घर आणि कुंपण यांच्यामध्ये नियमाने सोडलेली जागा, मोकळं पडलंय. तिथे लोखंडी खांब, वर पत्रा आणि पुढे रोलिंग शटर, एवढंच करायचंय.

चौकशी केली तर हातात यादी पडली. मालमत्ता पत्रकाचा चालू तारखेचा उतारा, मोजणीचा नकाशा, जुना मंजूर नकाशा, भोगवटा, थकबाकी नसल्याचा दाखला, वर परवानाधारक इंजिनिअरकडून नवा नकाशा, तोही ऑनलाइन प्रणालीला चालेल अशाच स्वरूपात. इंजिनिअरची फी आणि बाकीचं शुल्क धरलं तर पत्रा आणि खांब त्याहून स्वस्त पडतात.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायचं असेल, तर कागदपत्रं आणि इंजिनिअरचा दाखला जोडून शुल्क भरलं की काम सुरू करता येतं. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. म्हणजे लहान भूखंडावर अख्खं घर दाखल्यावर उभं राहतं आणि माझा भूखंड थोडा मोठा आहे म्हणून १८ चौरस मीटरच्या गॅरेजला पूर्ण फेरा. हे अन्यायाचं आहे. वीस चौरस मीटरपर्यंतच्या एकमजली गॅरेजला मालकाचं हमीपत्र, इंजिनिअरची सही, फोटो आणि घरपट्टीत नोंद, एवढं पुरेसं मानावं. तुमचं मत सांगा.

पाषाणची_मेघना

माझा ठाम विरोध आहे. तुम्ही ज्याला मोकळं पडलेलं मार्जिन म्हणता, त्याच्या पलीकडे कुणाची तरी खिडकी असते.

आमच्या शेजाऱ्यांनी कुणालाही न विचारता असंच शेड टाकलं. पत्र्याचा उतार आमच्या भिंतीकडे. बोललो तेव्हा पन्हळ लावली, पण वर त्यांचाच आंबा आहे. पहिल्याच मोठ्या पावसात पन्हळ पानांनी तुंबली आणि सगळं पाणी आमच्या भिंतीवर. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या वरच्या फळीपर्यंत ओल चढली, रंगाचे पापुद्रे डब्यांवर पडायला लागले. खिडकी उघडली की समोर पत्र्याची कड, हाताच्या अंतरावर. दुपारी तो पत्रा तापतो आणि झळ सरळ गॅसपाशी येते. भर दिवसा दिवा लावून पोळ्या करते मी.

त्यात आमच्या दोन घरांच्या सांडपाण्याचा सामाईक चेंबर त्यांच्या बाजूला. शेडची जमीन करताना त्यावर काँक्रीट ओतलं. चेंबर तुंबला तेव्हा ते फोडायला शेजारी तयार होईनात. तक्रार दिली, पाहणी झाली, पुढे काहीच नाही. नकाशा आधी कुणी पाहिला असता तर हा चेंबर कागदावरच दिसला असता. म्हणून म्हणते, परवानगी आधी हवी. बांधून झाल्यावर कोण कुणाचं पाडतो?

सातारा_रोड

मेघनाताई, तुमचा त्रास खरा आहे, पण तो वाईट शेजाऱ्याचा त्रास आहे. गॅरेजची परवानगी सोपी केली म्हणून तसे शेजारी वाढणार नाहीत. उलट आज परवानगी इतकी अवघड आहे की सरळ माणूससुद्धा शेड टाकून मोकळा होतो. आमच्या गल्लीत मोजून बघा, बहुतेक बंगल्यांना बाजूला पत्रा आहे, आणि त्यातल्या कुणी परवानगी घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. जो अर्ज करतो तोच अडकतो, कारण त्याचंच नाव फाइलवर येतं.

शिवाय ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं कायद्यातच आहे. गंगापूररोडकर, अर्ज द्या, पोच घ्या, दोन महिने थांबा आणि बांधा. आणि पत्र्याचं शेड हे तसंही तात्पुरतं बांधकाम. त्याला परवानगी लागतच नाही असं मला फॅब्रिकेटरनेच सांगितलं.

निवृत्त_नगररचना

सातारा रोड यांच्या सल्ल्यावर कुणी जाऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी याच कामात गेली.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४५ मध्ये ६० दिवसांची तरतूद आहे हे खरं. पण ही मानीव परवानगी, म्हणजे उत्तर न आल्याने मिळाली असं धरलेली परवानगी, मिळते ती प्रस्ताव नियमात बसत असेल तरच. नियमाबाहेरचं बांधकाम ६१ व्या दिवशी कायदेशीर होत नाही. हा गैरसमज धरून घरं बांधलेली आणि नंतर नोटिसा घेऊन कार्यालयात आलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरं, पत्रा म्हणजे तात्पुरतं, हेही चुकीचं. महापालिका अधिनियमातल्या इमारतीच्या व्याख्येत शेड, तबेला, झोपडी, सगळं येतं, मग ते विटांचं असो, मातीचं असो की धातूचं. फॅब्रिकेटरचं काम वेल्डिंग करणं. नोटीस त्याच्या नावाने येत नाही.

गंगापूररोडकर, १५० चौरस मीटरच्या सवलतीचा तुम्ही काढलेला अर्थ अर्धाच आहे. त्या सवलतीत तपासणीची जबाबदारी इंजिनिअरच्या गळ्यात घातली आहे, नियम माफ केलेले नाहीत. मार्जिन, उंची, चटई क्षेत्र (भूखंडाच्या मानाने किती बांधकाम चालतं ते) तिथेही पाळावंच लागतं. तुमचं गॅरेज बाजूच्या मार्जिनमध्ये, घराला चिकटून आहे. छोट्या भूखंडावरच्या माणसालाही ते करता आलं नसतं.

गॅरेजला नियमावलीत जागाच नाही असंही नाही. स्वतंत्र बंगल्याच्या आवारात मागच्या कोपऱ्यात, रस्त्यापासून साडेसात मीटर आत, २.४ मीटरपेक्षा उंच नसलेलं बंदिस्त गॅरेज मार्जिनमध्ये चालतं. ही तरतूद जुनी आहे आणि तिच्यामागे विचार आहे. मागच्या कोपऱ्यातल्या बुटक्या बांधकामाने कुणाचा उजेड जात नाही आणि दोन घरांमधली हवा खेळती राहते. बंगल्याच्या बाजूच्या मार्जिनमध्ये अग्निशमनचा बंब शिरत नाही, पण पाइप घेऊन माणसं शिरतात. शटर लावलं की ती वाटही बंद.

गंगापूररोडकर

काका, माहितीबद्दल मनापासून आभार. पण मागच्या कोपऱ्याचाच हिशेब करू. तुमच्याच नियमावलीत कारची पार्किंगची जागा २.५ मीटर बाय ५ मीटर धरतात. मागच्या कोपऱ्यापर्यंत गाडी न्यायची तर बाजूच्या मार्जिनमधूनच न्यावी लागणार. माझ्याकडे तीन मीटर आहे म्हणून आरसे सांभाळत गाडी जाईल तरी. जुन्या लेआउटमधल्या असंख्य बंगल्यांना बाजूला दीड-दोन मीटरच जागा आहे. तिथून कार जाणार कशी? म्हणजे नियमाने गॅरेज दिलंय अशा ठिकाणी, जिथे गाडी पोचतच नाही. ती तरतूद मोठ्या भूखंडवाल्यांच्या कामाची आहे, आमच्या नाही.

आणि माझी कार मागच्या कोपऱ्यात नेताना रोज त्याच खिडक्यांखालून जाणार. धूर, आवाज तोच. मग पुढच्या बाजूला, कुंपणापासून अंतर सोडून उभी राहिली तर शेजाऱ्याचं अधिक काय बिघडतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

वैशाली_रेडिंग

मी मूळची सोलापूरची, आता इंग्लंडमध्ये. तुमची चर्चा वाचून इथली पद्धत सांगावीशी वाटली, कारण ती गंगापूररोडकरांच्या मागणीच्या जवळ जाते.

इथे घराच्या आवारातलं गॅरेज ठरलेल्या मर्यादेत असेल तर वेगळा अर्ज करावा लागत नाही. मर्यादा कुणालाही टेप घेऊन मोजता येतील अशा आहेत. घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे यायचं नाही. एकच मजला. कुंपणापासून दोन मीटरच्या आत बांधलं तर उंची अडीच मीटरच्या वर नको. मूळ घर सोडून उरलेल्या जागेपैकी निम्म्याहून जास्त जागा अशा बांधकामांनी व्यापायची नाही. वारसा यादीतल्या घरांना मात्र ही सूट नाही. ज्याला मनाची खात्री हवी तो कौन्सिलकडून आधीच कायदेशीरपणाचा दाखला घेतो, पुढे घर विकताना तो कामी येतो.

मर्यादेबाहेर गेलात तर रीतसर अर्ज, शेजाऱ्यांना कळवणं, साधारण आठ आठवड्यांत निर्णय. आणि चोरून बांधलं तर? आता दहा वर्षांपर्यंत कारवाई होऊ शकते, घरांच्या बाबतीत पूर्वी ही मुदत चार वर्षं होती. सूट दिली आहे, पण तिच्या बाहेर पाऊल टाकणाऱ्याला सोडत नाहीत. आपल्याकडे पहिली अर्धी बाजू मागायची असेल तर दुसरीही मागावी लागेल.

सांगलीचा_अभि

इंग्लंडचं तिथं ठीक आहे ओ, पण आमच्याकडचा पाऊस आणि आमची नदी वेगळी. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर ज्यानं बघितलाय त्याला मार्जिन म्हणजे काय ते विचारा. पाणी चढताना जेवढं भिववतं त्याहून उतरताना जास्त छळतं. दोन घरांच्या मधनं जिथं वाट होती तिथलं पाणी निघून गेलं. जिथं शेडं टाकून, खाली फरशी घालून, पुढं भिंत बांधून बोळ बंद केलेला, तिथं चिखल कितीतरी दिवस तसाच. आमच्या आत्याच्या घरी बाजूच्या गॅरेजात पाणी कोंडलं आणि भिंत फुगली.

निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी वारंवार जिथवर येतं तिथं आखलेल्या सरकारी रेषेच्या, आत तर नवीन बांधकामाला बंदीच आहे. आता हमीपत्रावर गॅरेज सुरू केलं तर मालकाला आपली जागा पूररेषेत आहे का हे माहीत असणार का? निम्म्यांना नसतंय. ते बघणारा माणूस पाहिजेच. सही करणारा इंजिनिअर त्या भागात कधी आलेलाही नसतो, फोटो बघून सही करतो.

ईव्ही_नागपूर

एक मुद्दा कुणी घेतला नाही. इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांनी चार्जिंग कुठे करायचं? नागपूरच्या उन्हात आणि पावसात उघड्यावर वायर ओढून? आमच्याकडे फाटकाबाहेर गाडी उभी करून कुंपणावरून केबल टाकणारी घरं आहेत, त्यावरून सायकलवाली पोरं जातात. सरकार एकीकडे या गाड्यांना प्रोत्साहन देतं, दुसरीकडे घरच्या छपराला नियम आडवा येतो. निदान तिन्ही बाजूंनी उघडं, शटर नसलेलं छप्पर तरी सोपं करा. बंदिस्त गॅरेज आणि उघडं छप्पर यांना एकाच मापाने मोजू नका.

वकील_ताई

ईव्ही नागपूर यांनी केलेला फरक महत्त्वाचा आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण ज्यांना आधी बांधू, मग नियमित करून घेऊ असं वाटतं, त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

अनधिकृत बांधकामावर महापालिका दरवर्षी शास्ती लावू शकते. ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. पावत्यांची फाइल घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांना हे सांगताना वाईट वाटतं, कारण त्यांनी खरोखर प्रामाणिकपणे पैसे भरलेले असतात.

दुसरं, १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की बांधकाम जुनं आहे, पैसा गुंतलाय, अधिकाऱ्यांनी इतकी वर्षं काही केलं नाही, यातलं काहीही बेकायदा बांधकामाला ढाल म्हणून वापरता येणार नाही. गल्लीतल्या सगळ्यांकडे पत्रा आहे हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही. उद्या बंगला विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊन फिरतो, तेव्हा पहिलं बोट त्या शेडवरच जातं.

सातारा_रोड

वकीलताई, कायदा कळला. पण तो पहिल्यांदा कुणावर चालतो ते बघा. हॉटेलांच्या गच्च्यांवर वर्षानुवर्षं शेडं उभी आहेत, तिथे रोज शेकडो माणसं जेवतात. आग लागली तर जीव जातील ते तिथे. पथक मात्र येतं ते निवृत्त शिक्षकाच्या पोर्चवर. नियम कडक ठेवा म्हणणाऱ्यांनी आधी हे मान्य करावं. छोट्या माणसाला सूट आणि मोठ्यावर नजर, एवढ्याच माणसांत हे जमेल. आज प्रत्येक गॅरेजची फाइल तपासत बसलेला इंजिनिअर मोकळा झाला तर गच्च्या तपासेल.

पाषाणची_मेघना

हे मला पटतं, तपासायला माणसं कमी आहेत. पण मग तपासणीचं काम शेजाऱ्याला द्या. हमीपत्राची पद्धत आणायचीच असेल तर काम सुरू करण्याआधी लगतच्या घरांना नकाशाची प्रत आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. माझा चेंबर कुठे आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत? उतार तुमच्याच अंगणात, पन्हळ तुमच्याच हद्दीत, चेंबर उघडे. या तीन अटी त्या कागदावर छापून टाका. मग मी विरोध करणार नाही.

गंगापूररोडकर

तिन्ही अटी मला मान्य आहेत, आणि शटरही सोडायला तयार आहे. नुसतं उघडं छप्पर करतो. पण शेजाऱ्याची संमती ही अट नको. आमच्या उजव्या बाजूच्यांशी कुंपणाच्या भिंतीवरून जुना वाद आहे. त्यांच्या हातात नकाराधिकार दिला तर मी गाडी विकेपर्यंत परवानगी मिळणार नाही.

निवृत्त_नगररचना

नकाराधिकार नसावाच. हरकत घेता यावी, पण ती नियमाच्या आधारावर, लेखी, मुदतीत. जुनी भांडणं त्यात येणार नाहीत. ही सूचना शासनाच्या नगरविकास विभागाकडे पाठवण्यासारखी आहे. नियमावलीत यापूर्वीही फेरबदल झाले आहेत, आणि त्यासाठी हरकती-सूचना मागवल्या जातात. मेघनाताईंच्या तीन अटी, उघडं छप्पर, वीस चौरस मीटर आणि पूररेषेबाहेर, एवढं घालून मसुदा करा. भाषा मी तपासून देतो.

तोवर मात्र, गंगापूररोडकर, तुमचा तीन मीटरचा रस्ता आहे तर मागच्या कोपऱ्याचा प्रस्ताव टाका. आजच्या नियमात तुम्हाला तेवढं नक्की मिळण्यासारखं आहे. जुन्या मंजूर नकाशावर मागचं मार्जिन किती दाखवलंय ते आधी बघून इथे लिहा.