मदत हवी आहे: वाटणीपत्रातला ‘खण’ म्हणजे बे का स्पॅन? एक खण सापडत नाहीये

मंडळी, वाईजवळ आमचं जुनं माडीचं घर आहे, आजोबांच्या वाटणीपत्रात सोप्याचे ‘दक्षिणेकडील ३ खण’ आम्हाला आणि ‘उत्तरेकडील २ खण’ चुलत्यांना असं लिहिलंय. म्हणजे ५ झाले ना? पण सोप्यात खांब तर ४च आहेत, मी दोनदा मोजले, आता पाचवा कुठून आणू. त्यात भर म्हणजे इंजिनियरने नकाशा दिलाय त्यावर ‘५ बे, प्रत्येकी १.६ मीटर’ लिहून आमच्या भागात ‘स्पॅन ३.२ मीटर’ लिहिलंय. टेप लावला तर दोन खांबांच्या मधे भरतात ४ फूट ७ इंच, म्हणजे १.४ मीटर. तीन ठिकाणी तीन आकडे. स्पॅन म्हणजे डबल बे असतं का? गाडी आत घ्यायला मधला एक खांब काढायचाय, त्याआधी कळलं तर बरं.

साईटवरचा: खांब नका मोजू दादा, गाळे मोजा. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, इंग्रजीत तोच बे. दोन्ही टोकांना भिंत असणार, मधे ४ खांब, म्हणजे गाळे ५च. दक्षिणेच्या भिंतीपासून तिसऱ्या खांबापर्यंत तुमचं, हरवलं काही नाही. १.६ हा खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा आकडा, तुम्ही आतून आत मोजलंत. खांब ८ इंची असेल तर ४ फूट ७ अधिक ८ इंच, ५ फूट ३, हिशोब जुळला.

स्पॅन वेगळा. बे ही जागा, स्पॅन म्हणजे तुळई एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंत अधांतरी किती जाते ते अंतर. पुलाला बे कोणी म्हणत नाही, सी लिंकच्या वांद्र्याकडच्या केबलवाल्या भागात २५० मीटरचे दोन मोठे स्पॅन आहेत असंच म्हणतात. आज तुमचा बे नि स्पॅन जवळपास सारखाच आहे. मधला खांब काढला की स्पॅन ३.२, तेच त्याने लिहिलंय.

आणि दुप्पट स्पॅन म्हणजे दुप्पट ताण नव्हे हो. तुळईवर सारखा पसरलेला भार धरला तर वाकवणारा जोर चौपट होतो, आणि तीच तुळई ठेवली तर झोक, म्हणजे मधे खाली झुकणं, सोळापट. वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या नि फळ्यांचं छत, त्यावर माती, माडीचा खांब नेमका काढायच्या खांबाच्याच डोक्यावर असेल तर विचारूच नका.

जुनं लाकूड: वरच्यांशी सहमत. एक बघा, जुन्या घरात तुळई अख्खी एक नसते, सांधा बहुतेक खांबाच्या डोक्यावरच, हस्तावर, म्हणजे तिथल्या आडव्या लाकडावर, टेकवलेला असतो. तो खांब काढला तर दोन्ही टोकं हवेत. बॅटरी घेऊन बघा आधी.

मूळ धागाकर्ता: बघितलं. दुसऱ्या खांबाच्या हस्तावर दोन तुळयांची टोकं एकमेकांना टेकलीयेत, मधे बोटभर फट आणि त्यात कुणीतरी कधीकाळी चिंधी कोंबलीय. वर माडीचा खांबही तिथेच. इंजिनियरला फोन केला, तो म्हणतो नवीन तुळई धरूनच ३.२ लिहिलं होतं, खांब काढायचा तर आधी खाली टेकू लावून लोखंडी गर्डर घालावा लागेल. खर्च विचारला, तर गाडी सध्या बाहेरच.