माल्टातील घरगुती पेये आणि आपल्या कुळागरातील जिन्नस

प्रश्न (सावईवेरे, गोवा)

नमस्कार. मुलीच्या बाळंतपणासाठी मी गेल्या वर्षी ऑगस्टपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत माल्टामध्ये राहिले होते. तिच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या (वयाच्या, आपल्या सत्तरी तालुक्याच्या नव्हे). त्यांना माझी भाषा येत नव्हती आणि मला त्यांची, तरीही स्वयंपाकघरात आम्हा दोघींचे चांगले जमले. त्यांच्या परसात हर्रूबचे (इंग्रजीत कॅरोब, गोड शेंगांचे) एक जुने झाड, बांधावर फड्या निवडुंगाचे कुंपण आणि दाराशी कडू संत्र्याचे झाड होते. वर्षभराची बहुतेक पेये त्या एवढ्यावरच काढत असत.

मी पोहोचले तेव्हा हर्रूबच्या तपकिरी शेंगा उतरवण्याचे काम चालले होते. त्या शेंगा धुऊन, किंचित भाजून, मोडून, बिया काढून रात्रभर पाण्यात ठेवतात. सकाळी उकळून गाळतात आणि साखर घालून तो अर्क आटवतात. त्याला जुलेप म्हणतात, आणि खोकला झाला की तो गरम पाण्यातून देतात. त्याच दिवसांत निवडुंगाची बोंडे पिकतात, त्यांचा रस गार करून पितात. उकाड्यात बदामाचे रुज्जाता हे सरबत असते, ज्यात दालचिनी व लवंग असते. नाताळात मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर वाळवलेले चेस्टनट, कोको, संत्र्याची साल आणि लवंग घालून शिजवलेले इंबुल्युता वाटीतून देतात, ते चमच्यानेच खावे लागते. संत्र्याच्या फुलांचे पाणी मात्र आदल्या वसंतात काढलेले होते. ते कॉफीत दोन थेंब घालत.

आमच्या कुळागरात (पोफळी-माडांच्या मिश्र बागेत) माड, पोफळी, भिरंड (कोकम), फणस, जायफळ आणि तोरंजनाची (पपनसाची) दोन झाडे आहेत. यांपैकी कशापासून वरील पेयांसारखे काही करता येईल? मुलगी पुढच्या खेपेस हर्रूबच्या बिया आणते म्हणत आहे. त्या इथे रुजतील का?

उत्तर १ (डिचोली)

ताई, बियांपासून सुरुवात करतो, कारण त्या बाबतीत माझे उत्तर नकारार्थी आहे. परदेशातून बियाणे आणण्यास वनस्पती संगरोध नियमांनुसार परवाना लागतो, तेव्हा मुलीला तसे आणू देऊ नका. परवाना मिळाला तरी झाड येथे सुखी होणार नाही. माल्टात वर्षाकाठी साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः हिवाळ्यात. आपल्याकडे सुमारे ३००० मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हर्रूबला कोरडा उन्हाळा लागतो. ती शरदात फुलते, आणि त्या फुलांच्या शेंगा पुढच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात, म्हणजे नेमक्या आपल्या पावसात. शिवाय नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात, त्यामुळे एकटे झाड वाढले तरी शेंग धरेलच असे नाही.

तिच्या शेंगेत चाळीस ते पन्नास टक्के साखर असते, आणि तिची किंचित जळकी, कोकोसारखी चव आपल्या कोणत्याच फळाला नाही. माडाचा गूळ आटवून त्यात कोको घालणारे लोक मी पाहिले आहेत. ते पेय वाईट लागत नाही, पण त्याला जुलेप म्हणू नये. जुलेप हा शब्द आपल्या ‘जुलाबा’चा सख्खा भाऊ आहे. दोन्हींचे मूळ फारसी ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी. आपल्याकडे येईपर्यंत त्या शब्दाची काय दशा झाली ते सांगायला नको.

निवडुंगाच्या बोंडांची जागा मात्र भिरंडाने केव्हाच घेतली आहे. रंगाने आणि थंडाव्याने दोन्ही जवळची आहेत. फरक एवढाच, की बोंड गोड आणि भिरंड आंबट, म्हणून साखरेचा हिशोब बदलतो. एक किलो रसाला सुमारे १.६ किलो साखर घेतली, तर पाक ६५ टक्क्यांच्या आसपास जातो आणि आपल्या दमट हवेतही लवकर आंबत नाही. 

उत्तर २ (मडगाव)

वरील उत्तर योग्यच आहे, पण बदामाच्या पेयासाठी माल्टापर्यंत जाण्याची गरज नव्हती. आमच्या शेजारच्या जुन्या ख्रिस्ती घरांत ऑर्चाटा नावाचे बदामाचे सरबत पूर्वीपासून करतात. सोललेले बदाम वाटून त्यांचे दूध साखरेच्या पाकात मुरवतात आणि थंड पाण्यातून देतात. रुज्जाता आणि ऑर्चाटा ही एकाच कुळातली पेये आहेत. बदाम इथेही बाहेरूनच येतात, त्यामुळे कुळागराचा उपयोग फक्त दालचिनीपुरता. बदामाऐवजी काजूगर वाटले तर दूध दाट होते, पण बदामाचा तो विशिष्ट वास येत नाही. मी दोनदा करून पाहिले आणि दोन्ही वेळा त्याची खीर केली.

मला सांगायचे आहे ते कापिले या पेयाविषयी. विहिरीच्या चिऱ्यांवर पावसाळ्यात काळ्या देठाचे, नाजूक पानांचे नेचे उगवते, ज्याला आपण हंसराज म्हणतो. त्याची पाने कढत पाण्यात झाकून ठेवायची, गाळायचे आणि त्या पाण्याचा पाक करायचा. हे पेय पोर्तुगालहून गोव्यात आले. तिथे त्यात संत्र्याच्या फुलांचे पाणी घालतात, म्हणजे तुमच्या माल्टातल्या बाटलीची आणि आमच्या विहिरीची गाठ इथे पडते. (माल्टात त्या पाण्याला इल्मा झाहार म्हणतात. हा झाहार अरबीतला फूल आहे, आपले जहर नव्हे.) आमच्याकडे संत्री नाहीत, तेव्हा मी तोरंजनाची फुले वापरते. माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मंडपीला) फळ बांधून आपण ते झाड विसरून जातो, पण त्याच्या फुलांना संत्र्याच्या फुलांइतकाच वास असतो. पातेल्यात पाणी व फुले, मध्ये उंच वाटी, वर झाकण उलटे ठेवून त्यावर बर्फ, आणि अगदी मंद आंच. एवढ्यावर वाटीत थोडे सुगंधी पाणी जमते. एक सूचना : नेच्याची ओळख पक्की असल्याशिवाय पाने तोडू नयेत, कारण काही नेची खाण्याजोगी नसतात.

उत्तर ३ (पेडणे)

इंबुल्युतासाठी फणसाच्या आठळ्या, म्हणजे आपली बिकणां, वापरून पाहा. चेस्टनटप्रमाणे त्याही पिठूळ असतात आणि माती लावून ठेवल्या तर पावसाळाभर टिकतात. आठळ्या उकडून, वरची पांढरी साल आणि आतली तपकिरी साल दोन्ही काढून अर्ध्या ठेचाव्यात, अर्ध्या अख्ख्या ठेवाव्यात. कोको, लवंग आणि सुकवलेली संत्र्याची साल घालून दाट होईपर्यंत शिजवावे. नाताळापर्यंत आठळ्या उरल्या नाहीत, तर पावसातच करावे. ओल्या संध्याकाळी हे पेय नाताळाइतकेच शोभते. गोडीला माडाचा गूळ घातल्यास रंग अधिक काळा येतो. माझ्या सासूबाई याला पेय मानत नाहीत, कण्हेरीचा (पेजेचा) प्रकार मानतात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला जमलेले नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. बियांचा विचार सोडला. जायफळाविषयी कोणी लिहिले नाही. आमच्याकडे जूनअखेरपासून फळे फुटू लागतात, जायपत्री आणि बी आम्ही काढून घेतो, आणि जाड साल माडाच्या आळ्यात जाते. तिचे काही होते का?

उत्तर १ (डिचोली)

होते, आणि मीच लिहायला विसरलो. जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच सालीपासून टॉफी तयार केली आहे. पेयासाठी साल सोलून, फोडी करून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावी. त्याने तुरटपणा उतरतो. दुसऱ्या दिवशी ते पाणी टाकून नव्या पाण्यात उकळावे, गाळावे आणि लिंबाचा रस व साखर घालून पाक करावा. तो पेल्यात दोन चमच्यांपेक्षा अधिक घेऊ नये, कारण वास फार उग्र असतो. पहिल्या वेळी अर्धा किलो सालीचेच करावे.