विक्री वाढते, पण रोकड पुरत नाही: नवा विभाग काढावा की नवी बाजारपेठ शोधावी?

गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा प्लॅस्टिकच्या चटयांचा कारखाना आहे. वडील आणि काका यांनी भागीदारीत उभा केलेला हा व्यवसाय आता मी आणि चुलतभाऊ पाहतो. विक्री दरवर्षी साधारण २५ टक्क्यांनी वाढत ८ कोटींवर आली आहे. तरीही दाण्याचे, म्हणजे कच्च्या प्लॅस्टिकचे, पैसे चुकते करायच्या दिवशी खात्यात रक्कम नसते आणि बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी मिळणारी उचल, कायम वापरलेलीच असते. चुलतभावाच्या मते चटईत आता काही उरलेले नाही, म्हणून कर्ज काढून पीव्हीसी पाइपांचा विभाग सुरू करावा. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये आणखी घाऊक विक्रेते जोडावेत, असे माझे मत आहे. वाढ पुढेही टिकावी असे वाटत असेल, तर कोणता मार्ग धरावा? स्वतःचे भांडवल २ कोटी, नफा ३० लाख, त्यातले १० लाख दोन्ही घरांच्या खर्चाला जातात. कच्चा आणि तयार माल मिळून ४० दिवसांचा साठा असतो, उधारी ७५ दिवसांची आहे आणि दाणा पुरवणारे २० दिवस थांबतात.

खतावणी, धुळे

आपण आकडे दिलेत हे फार बरे झाले, कारण उत्तर त्यांतच आहे. साठ्याचे ४० आणि उधारीचे ७५ दिवस मिळवून त्यातून पुरवठादारांचे २० दिवस वजा केले, तर आपला रुपया ९५ दिवस अडकून पडतो. ८ कोटींच्या विक्रीवर ही अडकलेली रक्कम ढोबळमानाने २ कोटी ८ लाख होते, म्हणजे आपले सगळे भांडवल माल आणि उधारीतच संपते आणि यंत्रे व शेड बँकेच्या पैशांवर उभी राहतात. विक्री आणखी २ कोटींनी वाढली की याच हिशेबाने ५२ लाख जास्त लागतील. व्यवसायात मात्र वर्षाला २० लाखच मागे राहतात. भांडवलाच्या १० टक्के एवढीच ही शिल्लक असल्याने, हे दिवस आणि नफ्याचे प्रमाण आहे तसेच राहिले तर, नवे कर्ज न वाढवता साधारण तेवढीच वाढ पेलता येते. आपण २५ टक्क्यांनी धावत आहात, म्हणून विक्रीबरोबर टंचाईही वाढते आहे.

पाइप किंवा बिहार यांचा विचार करण्याआधी उधारी ४५ दिवसांवर आणावी. तेवढ्यानेच सुमारे ६६ लाख मोकळे होतात आणि ही रक्कम आपल्या दोन वर्षांच्या नफ्याहून जास्त आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत देता येत नाही आणि करार नसेल तर ती १५ दिवसांचीच असते. त्यातच १ एप्रिल २०२४ पासून, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. यासाठी आपली उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, उत्पादक म्हणून असायला हवी. मात्र कायदा हाती आहे म्हणून लगेच नोटिसा धाडू नयेत. ही तरतूद आली तेव्हा काही व्यापाऱ्यांनी लहान कारखान्यांकडची खरेदीच कमी करण्याची भाषा सुरू केली होती. वेळेत पैसे देणाऱ्याला दरात थोडी सूट द्यावी. बहुतेकांना तेवढे पुरते.

सरकी-पेंड, शहादा

वरील हिशेब मान्य आहे, परंतु दुसरा विभाग कधीच काढू नये असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. आमची जिनिंग दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळ्यात थंडावते. १०० किलो कापसातून रुई साधारण ३३ ते ३५ किलो निघते आणि उरलेला मोठा भाग सरकीचा असतो, म्हणून आम्ही तेलघाणा घातला. कच्चा माल आमच्याच आवारात होता आणि पेंड घेणारे शेतकरीही ओळखीचे होते. आपल्या पाइपांचा कच्चा माल वेगळा, यंत्रे वेगळी, गिऱ्हाईकही वेगळे. मग चटईतला अनुभव तिथे कितीसा उपयोगी पडणार?

जळगावातच पाहा. जैन इरिगेशन कंपनीचे संस्थापक भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये व्यापारापासून सुरुवात केली, पुढे पपईपासून पपेन हे एन्झाइम, मग पीव्हीसी पाइप आणि नंतर ठिबक सिंचन. वस्तू बदलत गेल्या, पण व्यवहाराच्या एका टोकाला शेतकरी कायम राहिला.

चाळीसगावकर, सध्या पुणे

सरकी-पेंड यांनी दिलेल्या उदाहरणाचा पुढचा भागही सांगायला हवा. हीच कंपनी पुढे परदेशी कंपन्या विकत घेत मोठी झाली, २०१९ मध्ये कर्जफेडीच्या अडचणीत आली आणि कर्जाच्या पुनर्रचनेनंतर २०२३ मध्ये तिचा परदेशातील सिंचन व्यवसाय रिवुलिस या कंपनीत विलीन झाला. दिशा योग्य असली तरी वाढीचा पैसा कुठून येतो याला तेवढेच महत्त्व आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. शिवाय चटईत नफा नाही हे चुलतभावांचे मत सरसकट स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक आकाराचा आणि नक्षीचा वेगळा हिशेब मांडून पाहावा. काही माल केवळ लूम रिकामा राहू नये म्हणून विणला जातो, असा माझा अंदाज आहे.

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांचे आभार. अडचण अशी की आमचा सर्वांत मोठा विक्रेता कानपूरचा असून तो एकटाच जवळजवळ तिसरा हिस्सा माल उचलतो आणि ९० दिवसांखाली बोलतच नाही. त्याला दुखावले तर कारखान्याची एक पाळी बंद पडेल.

खतावणी, धुळे

मग त्याच्यापासूनच सुरुवात करू नका. आधी लहान विक्रेत्यांची मुदत कमी करा आणि मोकळ्या होणाऱ्या पैशांतून दाणा रोखीने घेऊन भावात सवलत मागा. कानपूरवाल्याला आज जातो तेवढाच माल जाऊ द्या. वाढीव माल हवा असेल तर तो ४५ दिवसांच्याच लेखी करारावर मिळेल, असे सांगा. वर्षभर नवी वाढ फक्त इतरांकडे केली, तर त्याचा हिस्सा आपोआप चौथ्यावर येईल. पाइपांचे कोटेशन तोवर कपाटात राहू द्या आणि चुलतभावांना या उधारीच्या वसुलीची जबाबदारी द्या.